पर्शियन मांजरीला रोज ब्रश करूनही गुंता होतो. उन्हाळ्यात भादरून घ्यावं का? आंघोळ किती दिवसांनी?

भादरू नका. उन्हाळा लागला की ‘झिरो मारून टाका’ सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. मांजरीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. केस काढून तिला गारवा मिळत नाही, उलट ऊन थेट कातडीवर बसतं. चार-सहा महिन्यांत केस परत येतात, आणि तोवर तिची विंचरून घ्यायची सवय मोडलेली असते.

रोज ब्रश करूनही गुंता, म्हणजे ब्रश वरवर फिरतोय. स्लिकरने, म्हणजे बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने, पाठ चकचकीत दिसते, खालची मऊ लोकर तशीच. स्टीलचा कंगवा घ्या, अर्धे दाते विरळ, अर्धे दाट. डाव्या हाताने वरचे केस उलटे धरा, कातडी दिसली पाहिजे. मग एकेक पदर सोडत विंचरा. दाट दाते मुळापासून टोकापर्यंत न अडता गेले तरच झालं. पाठीवर वेळ घालवू नका. गाठी होतात काखेत, कानामागे, जांघेत, पट्ट्याखाली.

गाठ सापडली की बुडाशी, कातडीला लागून, चिमटीत घट्ट धरा म्हणजे ओढ तिला बसत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि कंगव्याच्या कडेच्या दोन-तीन दात्यांनी उकलत जा. टोक आधी, मूळ शेवटी. शेपूट आपटायला लागली की थांबा, उरलेली गाठ संध्याकाळी. कात्री अजिबात नको. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर तंबूसारखी वर येते आणि गाठीऐवजी तीच कापली जाते. मग टाके.

आंघोळ किती दिवसांनी, हे नंतरचं. गाठी सुटल्याशिवाय पाणीच लावू नका; ओली गाठ वाळताना नमद्यासारखी घट्ट बसते. माणसांचा शाम्पू नको. टी ट्री तेल असलेलं काहीही नको, मांजरांना ते विषारी आहे.

हां, गाठी जुळून अंगावर सलग गोधडी झाली असेल तर मात्र मशीनच, पण पशुवैद्याकडे, गुंगी देऊन. शेपटीखालचे केस आखूड करणं मी भादरण्यात धरत नाही. आणि मांजर वयस्क किंवा जाड असेल, कमरेवरच अचानक गाठी धरू लागल्या असतील, तर तिला वळून तिथपर्यंत चाटता येत नाहीये. सांधे आणि दात तपासून घ्या, कंगवा त्यानंतर.