कोणत्या धमनीचं रक्त मेंदूत कुठवर पोचतं?

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे आहेत. मानेतल्या डाव्या कॅरॉटिड धमनीत मोठा ब्लॉकेज आहे. न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआयबरोबर ‘सिलेक्टिव्ह एएसएल’ करायला सांगितलंय. डाय टोचणार नाहीत म्हणे. मग कुठलं रक्त कुठे गेलं हे मशीनला कळतं कसं?

उत्तर : डायचं काम इथे वडिलांचं स्वतःचं रक्तच करतं. रक्तातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. मानेपाशी रेडिओ लहरी सोडून त्याचं चुंबकत्व उलटं करता येतं, म्हणजे त्या रक्तावर खूण होते. ते मेंदूत पोचेपर्यंत थांबून एक चित्र घ्यायचं, मग खूण न करता दुसरं. दोन्हींची वजाबाकी केली की उरतं ते नुकतंच आत आलेलं रक्त. १९९२ साली मांडली गेलेली ही युक्ती म्हणजे आर्टेरियल स्पिन लेबलिंग, अर्थात एएसएल.

साध्या एएसएलमध्ये मानेतल्या सगळ्या धमन्यांवर एकदम खूण होते. सिलेक्टिव्हमध्ये मानेतल्या पुढच्या दोन कॅरॉटिड आणि मागच्या दोन व्हर्टिब्रल यांतली एकेक धमनी निवडतात. त्यासाठी आधी मानेची टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआयनेच धमन्यांचं चित्रण होतं, तेही डायशिवाय. त्यावरून टेक्निशियन धमन्या सरळ उभ्या जातात ती पातळी शोधतो आणि खुणेचा ठिपका नेमका त्या एका धमनीवर बसवतो. धमनी तिथे नागमोडी असेल तर खूण अर्धवट होते, किंवा शेजारच्या धमनीवरही पडते.

प्रश्न : कोणती धमनी मेंदूचा कुठला भाग पोसते हे पुस्तकांत दिलेलंच आहे. वेगळा नकाशा कशाला?

उत्तर : पुस्तकातला नकाशा सरासरीचा. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, सर्कल ऑफ विलिस. ते सगळ्याच माणसांत पूर्ण नसतं. काहींमध्ये मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग व्हर्टिब्रलऐवजी कॅरॉटिडवर पोसला जातो. तिथे स्ट्रोकचा डाग दिसला आणि पुस्तकावर विसंबून राहिलं, तर गुठळी मागच्या धमनीतून आली असं धरलं जाईल आणि खरी दोषी कॅरॉटिड सुटेल. कुणाच्या मेंदूच्या पुढच्या दोन्ही बाजू एकाच कॅरॉटिडवर चालतात. शिवाय ब्लॉकेज वाढला की त्या धमनीचा इलाका आक्रसतो आणि शेजारची धमनी तो उचलून धरते. कुठली धमनी आधी हाताळायची हे ठरवताना हा नकाशा फार मोलाचा ठरतो.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘डाव्या बाजूला सिग्नल कमी, धमन्यांत चकाकी’ असं आहे. तिथे रक्तच जात नाही का?

उत्तर : तसं लगेच समजू नका. खूण सेकंदागणिक विरते. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनवर रक्तातल्या खुणेचा हा काळ सुमारे १.६५ सेकंद धरतात. म्हणून १.८ सेकंद खूण करायची आणि नंतर तितकंच थांबायचं, असा प्रघात आहे. सत्तरी ओलांडलेल्यांत आणि रुग्णांत २ सेकंद थांबतात. ब्लॉकेज असलेल्या बाजूचं रक्त आडवाटेने, उशिरा येतं. चित्र आधीच घेतलं गेलं तर ते धमनीतच चमकताना दिसतं आणि पुढचा भाग रिकामा भासतो. वेगवेगळ्या विलंबाने चित्रं घेतली होती का, हे रेडिओलॉजिस्टना जरूर विचारा.

मानेतला स्टेंट किंवा दातांतला धातूही घोटाळा करतो. त्याने खूणच नीट होत नाही आणि एका धमनीचा अख्खा इलाका काळा पडतो.

तपासणीला जाताना एवढं पाळा : काही तास आधीपासून चहा-कॉफी नको, कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो. सिगारेटही टाळा. रोजची औषधं मनाने बंद करू नका. आत मान अजिबात हलवू नये. खुणेचा सिग्नल मूळ सिग्नलच्या जेमतेम १ टक्का असतो, त्यामुळे जरा हललं तरी वजाबाकी चुकते आणि मेंदूच्या कडेला खोटी चकाकती रेघ उमटते. गुडघ्याखाली उशी मागून घ्या, पाठ अवघडली की माणूस चुळबुळ करतोच.

प्रश्न : किडनी कमजोर असेल तर?

उत्तर : चालतं. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयची डाय, लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हाही करता येतं. पेसमेकर किंवा डोक्यात क्लिप असेल तर मात्र आधीच सांगा. धमनीच्या आतला अरुंद भाग बारकाईने बघायचा असेल, तर अँजिओग्राफीच लागते.