गोचिडींवर रिसर्च करायला आधी डॉक्टर व्हावं लागतं?

दोडामार्गहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने गेल्या वर्षी आणि यंदा अशी दोनदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही आणि तिसऱ्यांदा बसायला ती नाही म्हणते. तिला लाइम डिसीजचे जंतू, ते पसरवणाऱ्या गोचिडी आणि त्या ज्या प्राण्यांवर जगतात ते प्राणी, यावर रिसर्च करायचाय. वडील लिहितात, "आजारावर रिसर्च करायचा तर आधी डॉक्टर हो म्हटलं. गुरांच्या गोचिडी बघायला एवढा क्लासचा खर्च केला का? तुम्हीच समजवा. तोवर मोबाईल काढून घेतलाय."

भाऊ, मला मार्कांची काळजी नाही वाटली, त्या शेवटच्या वाक्याची वाटली. अख्ख्या पत्रात "आम्ही ठरवलंय" तीनदा आहे आणि मुलगी काय म्हणते ते एकाच ओळीत, तेही तुमच्या शब्दांत. वीस वर्षांच्या पोरीचा मोबाईल काढून घेऊन ती तिसऱ्या वर्षी मन लावून अभ्यास करेल असं तुम्हाला खरंच वाटतं? दोन वर्षं एका खोलीत तीच पुस्तकं उघडून बसलेली मुलं मी बघितलीयत, काही तर नंतर बोलायचीच बंद होतात, आणि तेव्हा मग पालक विचारतात की हिला झालं काय.

आता तुमचा गैरसमज. लाइमचा जंतू शोधणारे विली बर्गडॉर्फर एमबीबीएस-एमडी वगैरे नव्हते, गोचिडी फाडून बघणारे प्राणीशास्त्रज्ञ होते. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला त्यांनी पीएचडी केली तीच गोचिडींतल्या अशाच मळसूत्रासारख्या जंतूंवर. अमेरिकेत लाइम नावाच्या गावाकडे १९७५ च्या सुमाराला पोरांचे गुडघे सुजायला लागले, डॉक्टरांनी आजार ओळखला पण जंतू काही सापडेना. १९८१ मध्ये बर्गडॉर्फर न्यूयॉर्ककडून आलेल्या गोचिडींत भलताच जंतू शोधत होते आणि त्यांना आतड्यात हे मळसूत्र दिसलं. दिसल्या दिसल्या ओळखलं, कारण जुनी ओळख! पुढे जंतूला नावही त्यांचंच मिळालं.

आणि हा विषय मजेशीर किती आहे बघा. तिकडे लोक हरणांना दोष देतात. हरणांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात हे खरं, पण हा जंतू हरणाच्या रक्तात टिकत नाही. अंड्यातून निघालेलं गोचिडीचं पिल्लू निर्जंतूक असतं, त्याला जंतू मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या रानउंदराकडून, मग तेच खसखशीएवढं होऊन माणसाला चावतं. कॅलिफोर्नियात तर एक सरडा असा आहे की त्याचं रक्त प्यायलं की गोचिडीच्या पोटातला जंतूच मरतो. ही कोडी सोडवायला स्टेथोस्कोप लागत नाही हो.

मुलीलाही एक सांगतो. बाळा, लाइमवरचं बहुतेक काम अमेरिका-युरोपात चालतं, त्याचीच स्वप्नं बघत बसू नकोस. तुझ्या तालुक्यात २०१६ पासून माकडताप आहे. तो व्हायरस, लाइम हा बॅक्टेरिया, पण गोचीड दोन्हीकडे आणि प्रश्नही तोच, जंतू कुठल्या प्राण्यात टिकतो आणि कुठला प्राणी नुसतीच गोचीड पोसतो. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, यावर काम करते.

रस्ते नेहमीचेच, मायक्रोबायोलॉजी किंवा झूलॉजीत बीएस्सी, एमएस्सी, नेट-जेआरएफ (रिसर्चच्या शिष्यवृत्तीची परीक्षा), मग पीएचडी. पण मी असतो तर आधी बीव्हीएस्सीचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीचा विचार केला असता. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर, सगळीकडे ॲडमिशन नीटच्या स्कोअरवरच होते, म्हणजे यंदाचे मार्क वाया गेले असं समजायचं कारण नाही, फक्त फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि तारीख चुकली की गेलं वर्ष. "गुरांचा डॉक्टर" म्हणून नाक मुरडू नका भाऊ, माकडतापाच्या गावात गुरं आणि गोचिडी दोन्ही कळणारा माणूस लागतोच.

मी तिला समजावणार नाही. फॉर्मच्या तारखा तिला स्वतःला बघू द्या, त्यासाठी मोबाईल आजच परत करा, आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.