बायोटेक नेमकं कोणासाठी?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. मुलाने दोनदा नीट दिली, जमलं नाही. त्याचे बाबा तिसऱ्यांदा रिपीट कर म्हणतात. मुलाला आंब्याची नवी जात काढायची आहे. बायोटेकला घातलं तर दोघांचंही मन राखलं जाईल ना? तेही लॅबमधलं जीन्सचंच काम आहे असं ऐकते.

उत्तर : ताई, पत्रात बाबांचं म्हणणं आहे, तुमची काळजी आहे, मुलाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलंय. तेही किती नेमकं! अठरा-एकोणीस वर्षांची बहुतेक मुलं ‘काहीतरी चांगलं करायचंय’ एवढंच सांगतात. याला काय करायचंय ते ठाऊक आहे आणि तुम्ही घरातला वाद मिटवायला त्याला तिसरीकडेच पाठवताय. मला नीटच्या मार्कांपेक्षा याची धास्ती वाटते. तिसरं रिपीट तर नकोच.

आता लॅबचा गैरसमज. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, १९८१ साली. हापूसची चव हवी, पण साका (गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा डाग) नको आणि झाड दरवर्षी धरायला हवं, असा तो खटाटोप होता. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. हे काम मोहोरात उभं राहून होतं. एका तुऱ्यात शेकडो फुलं, त्यातली बरीचशी नर. फळ धरू शकणारं फूल हुडकायचं, परागकोश फुटायच्या आत चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, वर पिशवी बांधायची. त्यातलीही बहुतेक फळं गळतात. उरलेल्यांच्या कोया रुजवल्या की प्रत्येक रोप वेगळं निघतं, आईवर एक नाही आणि बापावर एक नाही. फळ दिसायला पाच-सात वर्षं तरी थांबा, मग काही हंगाम चव, साका, टिकाऊपणा, उत्पन्न तपासा आणि जवळजवळ सगळी झाडं बाद करा. एखादं उरलंच तर त्याची कलमं बांधायची, म्हणजे तेच गुण पुढे जातात. डीएनए तपासून काही रोपं लवकर वगळता येतात, तिथे बायोटेकची मदत होते. पण निवड शेवटी फळ कापून, खाऊनच होते.

मार्ग सरळ आहे : सीईटी, बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या (दापोलीचं कृषी विद्यापीठ कोकणातलंच), मग एम.एस्सी.ला वनस्पती प्रजनन किंवा फळशास्त्र. संशोधक व्हायचं तर पीएच.डी.ही आलीच. पैसा डॉक्टरइतका लवकर दिसणार नाही, हे बाबांना आधीच सांगा. आंब्यात एक जात काढायला निम्मी नोकरी जाते, हे मुलालाही सांगा. ते ऐकून तो भात किंवा भाजीपाल्याच्या वाणांकडे वळला तरी बिघडत नाही. तिथे पिढ्या भराभर हातात येतात आणि बियाणे कंपन्यांत नोकऱ्याही आहेत.

यंदा मोहोराच्या दिवसांत त्याला वेंगुर्ल्याला पाठवा, रीतसर परवानगी काढून. बाबांनाही सोबत जाऊ द्या. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.