1968 च्या शेव्हेल मालिबूत टू-स्पीड पॉवरग्लाइडच्या जागी कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकावा?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता दिलीय, ती म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो 3.55 (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट 3.55 वेळा फिरतो). बाकी गाडी 1968 ची मालिबू, मूळच्या 307 घनइंची इंजिनच्या जागी आधीच्या मालकाने बसवलेलं साधारण 300 हॉर्सपॉवरचं 350 इंजिन, मागे पॉवरग्लाइड, राहायला टेक्सासमधलं ऑस्टिन, वीकेंडला बायकोमुलांना घेऊन सॅन अँटोनियोकडे जायचंय, रेसिंग वगैरे काही नाही. माझं सरळ उत्तर 200-4आर, म्हणजे जनरल मोटर्सचा (जीएमचा) फोर-स्पीड ऑटोमॅटिक. बजेट तंग असेल तर टर्बो 350, म्हणजे जीएमचाच थ्री-स्पीड टर्बो-हायड्रामॅटिक (टर्बोचार्जरशी संबंध नाही). आणि तुमचा मेकॅनिक "टर्बो 400 टाका, कधी तुटणार नाही" म्हणतोय ते खरंय, पण तुमच्या कामाचं नाही.

लोक ट्रान्समिशन निवडताना पहिला प्रश्न विचारतात की किती हॉर्सपॉवर झेपेल. मी म्हणतो आधी टायर, एक्सल रेशो आणि नेहमीचा स्पीड घ्या आणि हिशोब करा. ताशी मैल गुणिले एक्सल रेशो गुणिले 336, भागिले टायरची उंची इंचात, की इंजिनचा आरपीएम आला. तुमचे 235/60 आर15 टायर साधारण 26 इंच भरतात. ताशी 75 मैलांना टॉप गिअर 1:1 (इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने) असेल तर आरपीएम येतो 3,440 च्या आसपास, वर टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलवर चालणाऱ्या जोडाची, स्लिप वेगळी. दीडएक तास असं चालवा, मागच्या सीटवरची मुलं काय बोलतात ते ऐकूच येणार नाही. 200-4आर चा चौथा गिअर 0.67 चा, म्हणजे ओव्हरड्राइव्ह आहे (शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो), त्याच स्पीडला इंजिन 2,300 वर येतं. आणि तुमच्याकडे एसएच 130 या स्टेट हायवेच्या काही भागात तर ताशी 85 मैलांची लिमिट आहे, तिथे काय होईल ते तुम्हीच काढा.

आता कुणीतरी म्हणेल की ओव्हरड्राइव्ह कशाला, एक्सलमध्ये 2.73 चे गिअर टाका, स्वस्तात काम होईल. हायवेवर होईलही, 75 ला 2,650 च्या आसपास. पण पहिल्या गिअरचा एकूण रेशो बघा, तो जितका जास्त तितकी गाडी जोरात निघते. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर साधारण 1.8, गुणिले 3.55, म्हणजे 6.4. गाडी सिग्नलवरून आळसटल्यासारखी निघते ही तुमची तक्रार तिथूनच येते, इंजिनचा दोष नाही. टर्बो 350 चा पहिला 2.52 चा, त्याला 2.73 ने गुणलं तर 6.9. म्हणजे एवढा खर्च करून निघताना गाडी जवळजवळ आत्ता आहे तशीच. तेच 3.55 ठेवून टर्बो 350 लावला तर 8.9 आणि 200-4आर लावला तर 9.7. फरक पायाला कळतो.

जीएमचाच दुसरा फोर-स्पीड, 700आर4, का नाही? वाईट अजिबात नाही, सगळीकडे मिळतो, पार्ट्स मिळतात, पहिला गिअर 3.06 चा म्हणजे जोरात निघतो. पण त्याचा दुसरा एकदम 1.63 वर. 5,500 ला शिफ्ट झाला की इंजिन 2,900 वर आपटतं, कॅमशाफ्ट जरा गरम (वरच्या आरपीएमसाठी बनवलेला) असेल तर तिथे दमच नसतो, पायरी चुकल्यासारखं वाटतं. 200-4आर मध्ये 2.74, 1.57, 1, 0.67 अशी जरा बरी वाटणी आहे. शिवाय 700आर4 तीनएक इंच लांब, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो. 200-4आर ची लांबी तुमच्या पॉवरग्लाइडइतकीच, योकही (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) तोच 27 स्प्लाइनचा, म्हणजे खाचांचा, शाफ्ट आहे तोच चालतो. फक्त माउंट बराच मागे येतो, म्हणून गिअरबॉक्सला आधार देणारा आडवा क्रॉसमेंबर मागे सरकवायचा, या फ्रेममध्ये टर्बो 400 वाल्या गाड्यांसाठी जिथे तो बसायचा साधारण तिथेच. तरी 700आर4 च स्वस्तात मिळत असेल तर 1987 किंवा त्यानंतरचा बघा, सुरुवातीचे कच्चे होते.

200-4आर चं नाव "नाजूक" म्हणून खराब झालंय हे मान्य, साध्या सेडानमधून काढलेला जुना डबा तसाच लावला तर टिकणार नाही. पण हाच गिअरबॉक्स 1986-87 च्या ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये टर्बोचार्ज्ड व्ही6 च्या मागे होता. नीट रीबिल्ड केलेला तुमचं 300 हॉर्सपॉवर आरामात सांभाळेल. माझ्या 1970 च्या ओल्ड्समोबिल कटलसमध्येही हाच आहे, आणि मला तर पर्यायही फारसा नव्हता, कारण ओल्ड्सच्या इंजिनचा बेलहाउसिंग पॅटर्न (गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या बोल्टची मांडणी) शेव्हीपेक्षा, म्हणजे शेव्हरोलेपेक्षा, वेगळा, 700आर4 ला अडॅप्टर लागतो, 200-4आर च्या बहुतेक केसमध्ये दोन्ही पॅटर्नची भोकं असतात. (मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्येच आली होती, हे शेव्हीवाल्यांना सांगायची संधी मी सोडत नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची. 200-4आर आणि 700आर4 दोन्हींना असते आणि हे गिअरबॉक्स वेळेआधी जळतात त्यात हिचा हात मोठा असतो. टर्बो 350 ची केबल फक्त किकडाउन करते (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकते), आतलं प्रेशर ठरवायला त्याला इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर असतो, त्यामुळे केबल तुटली तरी गाडी चालत राहते. टीव्ही केबलचं तसं नाही, तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला तिच्यातूनच कळतं आणि त्यावर आतलं ऑइल प्रेशर वाढतं. केबल ढिली राहिली तर तुम्ही पूर्ण ॲक्सिलरेटर दिलेला, आत प्रेशर कमी, क्लचप्लेट्स घसरतात आणि थोड्या मैलांतच जळतात. जीएमच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवर लिव्हरची भूमिती योग्य असते, हॉली किंवा एडलब्रॉक असेल तर वेगळा ब्रॅकेट आणि लिव्हर करेक्टर लागतो, तो आणल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढूच नका. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण खेचली गेली पाहिजे, आयडलला ढील नको. मेकॅनिकला प्रेशर गेज लावून दाखवायला सांगा, "अंदाजाने सेट केलंय" म्हणाला तर दुसरा शोधा.

टर्बो 400 खरंच अफाट मजबूत आहे, एकेकाळी रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये हाच होता आणि फेरारीनेही 400 ऑटोमॅटिकमध्ये हाच घेतला. पण तो जड, इंजिनची ताकद जास्त खातो, योक 32 स्प्लाइनचा म्हणजे तोही बदला, आणि टॉप गिअर शेवटी 1:1 च. बिग ब्लॉक, म्हणजे मोठं व्ही8 इंजिन, असतं तर गोष्ट वेगळी. 4एल60ई आणि 4एल80ई या जीएमच्या नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सना कंप्युटर आणि थ्रॉटल सेन्सर लागतो, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तो उपद्व्याप मी तरी करणार नाही.

फोर्ड किंवा मोपार (क्रायस्लरची गाडी) असणारे कुणी वाचत असतील तर तिथेही प्रश्न हाच. फोर्डचा सी4 हलका आणि सी6 दणकट, क्रायस्लरचा 727 तर प्रसिद्धच, पण तिघेही थ्री-स्पीड. फोर्डमध्ये 1980 पासूनचा एओडी ओव्हरड्राइव्ह देतो, त्यालाही टीव्हीची भानगड आहेच.

कन्व्हर्टर लॉकअपवाला (हायवेवर घट्ट जोडला जाऊन स्लिप बंद करणारा) घ्या, स्टॉल, म्हणजे गाडी ब्रेकवर धरून इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमला चढतं तो आकडा, 2,000 च्या आसपास, जास्त नको. लॉकअपसाठी 12 व्होल्टची वायर ब्रेक स्विचमधून आणि व्हॅक्यूम स्विचमधून घ्या, म्हणजे ब्रेक मारला की आपोआप सुटेल. रेडिएटरमधल्या कूलरवर भागवू नका, टेक्सासच्या उन्हाळ्यात वेगळा ट्रान्समिशन कूलर हवाच. शिफ्टर आणि इंडिकेटर पॉवरग्लाइडचा आहे, त्यात चौथ्या गिअरची जागाच नाही, त्याचं किट मिळतं. आणि तुमचा पॉवरग्लाइड भंगारात देऊ नका, ड्रॅग रेसिंगवाले आजही तो शोधत असतात, कारण एकच शिफ्ट आणि हलका डबा, त्यांना तेवढंच हवं असतं. विकून कूलरचा खर्च तरी निघेल.