नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब एकदा होऊन गेले तरी दोन-तीन वर्षांनी परत का होतात?

कारण दोन-तीन वर्षांनी येतो तो बऱ्याचदा आधीचा व्हायरस राहिलेलाच नसतो, त्याचं बाहेरचं कवच बदललेलं असतं आणि आपल्या जुन्या अँटीबॉडीज त्याला नीट ओळखत नाहीत. नोरोव्हायरसचा जीनोम (त्याची सगळी जनुकीय माहिती) आरएनएचा, जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा, आणि त्याची कॉपी काढणारं एन्झाइम झालेल्या चुका तपासत नाही, त्यामुळे म्युटेशन्स सतत होत राहतात. त्यातली बहुतेक वाया जातात, पण कवचाच्या प्रोटीनचा जो भाग सगळ्यात बाहेर असतो, पी२ म्हणतात त्याला, तिथे मोजकी अमिनो आम्लं बदलली तरी जुनी अँटीबॉडी चिकटत नाही आणि आतड्यातल्या साखरेच्या रेणूंना धरायची व्हायरसची पकड मात्र शाबूत राहते, ही खरी मेख आहे. जीटू-फोर (GII.4) हा नोरोव्हायरसचा प्रकार बघा, त्याची एकामागून एक आलेली नवी रूपं, वर्ष आणि नाव:

- २००२ फार्मिंग्टन हिल्स
- २००४ हंटर
- २००६ डेन हाग
- २००९ न्यू ऑर्लिन्स
- २०१२ सिडनी

दर वेळी नवा आला की जुना मागे पडला (सिडनी मात्र पुढे बरीच वर्षं टिकला). शिवाय एकाच माणसाला दोन प्रकार एकदम झाले तर त्यांच्यात जीन्सची अदलाबदल होते ती वेगळीच. पण सगळंच म्युटेशनवर ढकलू नका, मुळात नोरोव्हायरसचे प्रकारच खूप आहेत, एकाची इम्युनिटी दुसऱ्याला फारशी चालत नाही आणि आहे तीही काही वर्षांत उतरते, म्हणून व्हायरस अजिबात न बदलताही परत होऊ शकतं.