मिनेसोटात हमिंगबर्ड कसे ओळखायचे, कुठे शोधायचे आणि बाल्कनीत कसे बोलवायचे?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात पुण्याहून मिनियापोलिसला राहायला आलात, पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांच्या फुलांवर एक इवलासा हिरवट पक्षी दिसला, पण त्याचा गळा लाल नव्हता, पांढरा होता. मग तो हमिंगबर्ड होता की आपल्या शिंजीराचाच कुणी भाऊबंद? आणि नंतर ऑक्टोबरभर लाल पाण्याचा फीडर टांगला तरी कुणी फिरकलं नाही, ते का?

तो हमिंगबर्डच होता. शिंजीर अमेरिकेत नाहीत आणि हमिंगबर्ड भारतात नाहीत. दोघं फुलातला मध पितात म्हणून सारखे वाटतात, नातं काहीच नाही. शिंजीर शक्यतो फांदीवर टेकून पितो. हा हवेतच एका जागी थांबतो, सेकंदाला पन्नासएक वेळा पंख हलवत, आणि मागेसुद्धा उडतो.

मिनेसोटात घरटं करणारी हमिंगबर्डची जात एकच, रूबी-थ्रोटेड. घोटाळा होतो तो या नावामुळेच. माणकासारखा लाल गळा फक्त मोठ्या नराला असतो. मादीचा पांढरा, त्या वर्षीच्या पिल्लांचाही पांढराच. मोठे नर ऑगस्टमध्येच दक्षिणेकडे निघायला लागतात, त्यामुळे सप्टेंबरात जे दिसतात ते बहुतेक पांढऱ्या गळ्याचेच. नराचा गळासुद्धा सावलीत काळाच दिसतो. तो लाल रंग मोरपिसासारखा उजेडाचा खेळ आहे, मान तुमच्याकडे वळली की निखाऱ्यासारखा पेटतो आणि परत विझतो. म्हणून शेपूटही बघायची सवय लावा. मादीच्या शेपटीच्या टोकांना पांढरे ठिपके असतात, नराची शेपूट गडद आणि दुभंगलेली असते.

एक फसगत मात्र इथे सगळ्यांची होते. हमिंगबर्डसारखाच फुलासमोर थांबून मध पिणारा एक पतंग आहे, त्याच्या पंखांचे काही भाग काचेसारखे पारदर्शक असतात. डोक्यावर दोन मिशा दिसल्या की तो पतंग समजा.

आता तुमच्या फीडरबद्दल. चुकलं ते वेळेचं गणित. हे पक्षी हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतात. जेमतेम तीन ग्रॅमचा जीव, इथल्या एक सेंटच्या नाण्याहून किंचित जड, आणि त्यातले बरेच जण मेक्सिकोचं आखात एका दमात पार करतात, सुमारे ८०० किलोमीटर. निघण्याआधी चरबी साठवून वजन दुपटीच्या आसपास नेतात. मिनियापोलिसच्या आसपास ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतात, वर डुलूथकडे आणखी थोडे उशिरा. आधी नर, मग माद्या. मी १ मे लक्षात ठेवते: महाराष्ट्र दिनाला फीडर बाहेर. तेव्हा इथे फुलं फारशी नसतात, कधी रात्री पारा शून्याखालीही जातो. दमून आलेल्या पक्ष्याला अशा वेळी तुमच्या साखरपाण्याची खरी गरज असते. जंगलात त्यांचं त्या दिवसांत सॅपसकर नावाच्या सुतारपक्ष्यावर बरंच भागतं. तो बर्च-मेपलच्या सालीला ओळीने भोकं पाडून रस काढतो आणि हे त्या रसावर येतात.

साखरपाणी करायचं ते असं: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळवून गार करायचं. बस. लाल रंग घालू नका, फीडरचा लाल प्लास्टिकचा भाग त्यांना दिसायला पुरेसा आहे. माझी आई नाशिकहून आली होती तेव्हा म्हणाली, "मुक्या जिवाला पांढरी साखर कशाला देतेस, गूळ घाल की." तिची माया खरी, पण गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये लोह असतं, ते या पक्ष्यांना बाधू शकतं. मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते, म्हणून मधही नको.

आणि कृपा करून फीडर धुवा. ही एवढी गोष्ट मी हात जोडून सांगते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पारा तिशीपार गेला तर रोज पाणी बदलायचं आणि बाटली ब्रशने गरम पाण्यात घासायची. पाणी गढूळ झालं किंवा भोकांशी काळे ठिपके दिसले तर ते विषच आहे. एवढं जमणार नसेल तर फीडर न लावता दोन कुंड्या लावलेल्या बऱ्या. मुंग्यांसाठी फीडरच्या वर पाण्याची छोटी वाटी अडकवता येते. गांधीलमाश्या फार होत असतील तर बाटलीऐवजी पसरट बशीसारखा फीडर घ्या.

जूनमध्ये पक्षी एकदम कमी दिसायला लागतील. माद्या घरट्यावर असतात आणि पिल्लांना किडे भरवत असतात. या दिवसांत लोक कंटाळून फीडर काढून टाकतात, तुम्ही तसं करू नका. घरटं अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढं, आत शेंगदाण्याएवढी दोन पांढरी अंडी. सगळं काम एकटी मादी करते. एकदा सकाळी आमच्या गॅरेजच्या खिडकीच्या कोपऱ्यात एक मादी थरथरत थांबलेली दिसली. तिथे फुलं नव्हती, फक्त कोळ्याचं जाळं होतं. चोचीला आणि छातीला धागे गुंडाळून ती मेपलकडे गेली, परत आली, परत गेली. त्याच धाग्यांनी ती घरटं बांधते, म्हणून पिल्लं वाढतील तसं ते ताणलं जातं. बाहेरून ते दगडफुलाने मढवते, आपल्या गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातकुळीचं. त्या दिवसापासून मी बाहेरच्या कोपऱ्यांतली जाळी झाडत नाही. कीटकनाशकही मारत नाही, कारण बारीक किडे आणि कोळी हेच पिल्लांचं मुख्य खाणं.

बाहेर जाऊन शोधायचे तर ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात मिनेहाहा क्रीकच्या काठाने चाला आणि ओल्या जागी नारिंगी फुलांचं ज्युवेलवीड शोधा. हे आपल्या तेरड्याच्याच कुळातलं. फुलामागची ती वाकडी नळी बघितलीत की लगेच ओळखाल, पिकलेल्या शेंगेला हात लावला तर ती तशीच तडकन फुटते. त्या ताटव्याशी दहा मिनिटं गप्प उभं राहा. आधी कानाला कळेल, पंखांचा घुंईऽ आवाज आणि भांडताना चिर्रचिर्र. गणपतीच्या आसपास हे दिवस भरात असतात. चास्का इथल्या लँडस्केप आर्बोरेटमच्या बागांतही छान दिसतात.

फीडर ठेवला तर पक्षी दक्षिणेला जायचे थांबतील ही भीती बाळगू नका, दिवस लहान होऊ लागले की ते निघतातच. शेवटचा पक्षी दिसल्यावर आणखी दोन आठवडे फीडर राहू द्या, मागून येणारे थकलेले प्रवासी असतात.

बाल्कनीत कुंड्यांसाठी लाल साल्व्हिया आणि फ्यूशिया उत्तम. नर्सरीत रोपांना कीटकनाशक दिलंय का ते विचारून घ्या. जमीन असती तर कोलंबाइन, बी बाम आणि ओल्या कोपऱ्यात कार्डिनल फ्लॉवर सांगितलं असतं. तुमच्या बाल्कनीत ऊन सकाळचं येतं की दुपारचं ते कळवा, फ्यूशियाला दुपारचं ऊन सोसत नाही. त्याप्रमाणे नेमकं काय लावायचं ते सांगते.