वाचकांचे प्रश्न : मशीनवर अंगठा उमटत नाही, मग धान्य नाही का?

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गावी एकट्याच राहतात. अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना मिळतं ते कार्ड आहे, त्यावर त्यांचं एकटीचंच नाव. सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला, बोटांच्या रेषा पार झिजल्यात, त्यामुळे मशीनवर अंगठा लागतच नाही. दोन महिने झाले, रेशनवाला "अंगठा नाही तर धान्य नाही" म्हणून परत पाठवतोय. आता कार्डच बंद होईल का? आम्ही काय करायचं?
— एक सून, पुणे

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, सासूबाईंना आजच फोन करून सांगा की चूक त्यांची नाहीये. कारण ही म्हातारी माणसं दोनदा परत आली की तिसऱ्यांदा जातच नाहीत, लाजेनं घरी बसतात. माझ्या आत्याचं असंच झालेलं. बोटाला खोबरेल लावून बघ, गरम पाण्यात बुडवून बघ, पदराला पुसून पुसून दहाही बोटं लावून झाली, मागे रांग कुरकुरायला लागली आणि ती रिकामी पिशवी घडी घालून घरी आली. महिनाभर कुणाला बोलली नाही, शेजारणीकडून उसनं पीठ आणून दिवस काढले.

हे धान्य २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हक्काचं आहे. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, घरात माणूस एक असो की आठ. तेव्हा एकटीला एवढं कशाला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून ते पण द्यायचे नाहीत, पूर्ण फुकट.

आणि अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाला परत पाठवायचं नाही, हे केंद्रानं २०१७ च्या ऑक्टोबरातच सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय. त्याच्या आदल्याच महिन्यात झारखंडात सिमडेगा जिल्ह्यातली ११ वर्षांची एक पोरगी भात मागत मागत मेली, आधार जोडलं नाही म्हणून आमचं कार्ड रद्द केलेलं असं तिच्या आईचं म्हणणं होतं. सरकारनं मलेरिया सांगितला. पण घरात धान्य नव्हतं ते नव्हतंच.

आता काय करायचं ते सांगते. दुकानातल्या अंगठ्याच्या नव्या मशीनला (ई-पॉस) बऱ्याच ठिकाणी डोळे स्कॅन करायची सोय आलीये, दुकानदाराला ती वापरायला सांगा. ते नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात नॉमिनीसाठी अर्ज करा, म्हणजे सासूबाईंच्या वतीनं दुसरा माणूस अंगठा लावून धान्य उचलेल, ही सोय म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठीच आहे. ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर ती आधी करा, मेरा ई-केवायसी ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होते, फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे कारण ओटीपी येतो. कार्ड बंद पडायची भीती खरी तिथेच आहे, अंगठ्यात नाही.

तोंडी तक्रार करू नका. कागदावर लिहा, दोन महिन्यांचं धान्य मिळालेलं नाही, तारखा टाका आणि पोच घ्या. धान्य नाकारलं तर कायद्याच्या कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्ता आहे, तो पण त्याच अर्जात मागा. तहसीलला दाद लागली नाही तर जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो, १९६७ ही हेल्पलाइन पण आहे. आणि पावती! मशीनमधून निघालेली पावती दरवेळी मागून घ्या. धान्य न देता उचल दाखवली असेल तर ती तिथेच पकडता येते.

प्रश्न : रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे येतायत, पाण्यात टाकले की वर तरंगतात. आम्ही वेचून फेकून देतो. लहान मुलांना द्यावा का हा भात?
— एक आई, यवतमाळ

उत्तर : फेकू नका हो, प्लॅस्टिक नाहीये ते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून मशीनमध्ये दाणे पाडतात आणि १०० किलोला १ किलो असे मिसळतात. म्हणून रंग जरा वेगळा दिसतो आणि काही दाणे तरंगतात. बाई आणि पोरांच्या अंगात रक्त कमी असतं म्हणून हे सुरू केलं, आणि आपण नेमकं तेच निवडून टाकतो. ह्यात चूक न सांगणाऱ्यांची आहे, दुकानात पोतं उघडताना दोन वाक्यं बोलायला काय लागतं? तांदूळ कमी पाण्यात धुवा, पेज ओतून देऊ नका. फक्त घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार असतील तर एकदा डॉक्टरांना विचारून घ्या, तुमच्याकडे विदर्भात सिकलसेल बराच आहे म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो, पाच-सहा महिने गाव सुटतं. कार्ड गावच्या दुकानाचं आहे. म्हातारे आईवडील गावीच असतात. आमचं धान्य तिकडे मिळेल का?
— एक वाचक, बीड

उत्तर : दादा, कार्ड सोबत न्यायची पण गरज नाही, बारा अंकी नंबर आणि आधार जवळ ठेवा. वन नेशन वन रेशन कार्डमुळे कारखान्याजवळच्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, कर्नाटकात गेलात तरी. तुमच्या वाट्याचं तिकडे उचला, आईवडिलांचं त्यांना गावी उचलू द्या, प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे कोटा असतो, तो असा वाटून घेता येतो. सगळं एकदम तिकडेच उचलू नका, नाहीतर म्हातारी माणसं गावच्या दुकानात जातील आणि मशीन सांगेल शिल्लक काही नाही. निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं नाव कार्डावर ऑनलाइन चढलंय का ते बघून घ्या, सुनेचं आणि लहान पोरांचं नाव हमखास राहिलेलं असतं.